इंग्रजीचा अडसर आणि वर्गातील तंत्रज्ञान

कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमधून श्रीनिवास रामानुजन यांनी १९०४ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केले. तेथील शासकीय महाविद्यालयाची शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. परंतु गणितातच मन गुंतल्याने अन्य विषय मागे पडले. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. तथापि, यावरून इंग्रजी अनावश्यक ठरत नाही. १९१३ मध्ये प्रा. हार्डी यांना त्यांनी लिहिलेले पत्र इंग्रजीतच होते. खरा प्रश्न आहे तो भाषेतील उणीव वेळीच भरून काढण्याच्या संधीचा.

ही संधी देण्यास तंत्रज्ञान साहाय्यभूत ठरू शकते. ग्रामीण विद्यार्थ्याच्या कानांवर इंग्रजी बहुधा वर्गातच पडते. शिक्षकांनी एकदा वाचलेला उतारा ध्वनिमुद्रित असेल, तर तो पुनःपुन्हा ऐकता येतो. चित्रफितीखाली तीच वाक्ये उमटल्यास उच्चार आणि अक्षर यांची सांगड बसते. स्वतःचा आवाज मुद्रित करून चूक एकांतात सुधारता येते. चारचौघांत हसे होण्याची भीती राहत नाही.

या दिशेने शासकीय प्रयत्नही झाले. महाराष्ट्राने २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. केवळ शिक्षणासाठी असलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी प्रक्षेपित झाला. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ मंच आला आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडद्वारे धडे मोबाइलवर पोहोचू लागले.

मात्र यंत्राच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. वीज नसेल वा संगणक कुलूपबंद असेल, तर साधन असून नसल्यासारखेच. २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरी मोबाइल नव्हता, तेथील मूल ऑनलाइन वर्गापासून वंचित राहिले. शिवाय यंत्र उच्चार ऐकवते. पण मुलाची अडचण ओळखून त्याला समजावण्याचे काम शिक्षकांचेच. ‘मी आंबा खातो’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते, तमिळमध्येही तसेच. इंग्रजीत ते कर्त्यानंतर येते. हा भेद मातृभाषेतून उलगडला, की चुकीचे मूळ सापडते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही बहुभाषिकतेकडे शैक्षणिक संपत्ती म्हणूनच पाहिले आहे.

म्हणूनच शाळेत किती संगणक आले, यावर यश मोजू नये. मागच्या बाकावरील मूल दिवसाकाठी किती वाक्ये निर्भयपणे बोलले, हाच खरा निकष होय. बुद्धी असूनही केवळ भाषेपायी कोणाचे शिक्षण खंडित होऊ नये, एवढे साधले तरी या साधनांवरील खर्च सार्थकी लागेल.