उन्हात जपावे, पावसात निथळावे



आज आपण परसातल्या भाजीविषयी चार शब्द बोलू. विषय साधा आहे. रोजच्या ताटातला आहे. पण चैत्र-वैशाख आला की हाच विषय अवघड होतो. विहीर तळाला जाते. नळाला एक दिवसाआड पाणी येते. बाजारात बाई कोथिंबिरीची जुडी उचलते, भाव विचारते आणि परत ठेवते. मग मुलांच्या ताटात भाकरी आणि चटणी, एवढेच उरते.

तुम्ही म्हणाल, "इथं माणसाला प्यायला पाणी नाही, आणि हे भाजी लावायला सांगतात!" तुमचे म्हणणे खरे आहे. पिण्याचे पाणी भाजीला घालू नका. ते आम्ही आधीच सांगून ठेवतो. आम्ही बोलणार आहोत ते एकदा वापरून झालेल्या पाण्याविषयी.

आमचे घर नाशिकला, गंगापूर रोडला. अशोकस्तंभापासून हा रस्ता निघतो. आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव असे करत धरणाकडे जातो. धरण गोदावरीवर आहे. ते मातीचे आहे. 1965 साली ते पुरे झाले. नाशिक शहर मुख्यतः याच धरणाचे पाणी पिते. पाहुणे आले की म्हणतात, "तुम्हांला काय कमी? धरण तुमच्या उशाशी!" पण मंडळी, धरण उशाशी असले म्हणून पाणी परसात येत नाही. त्या पाण्याला वाटेकरी पुष्कळ. शहर आहे, शेती आहे, आणि खाली पैठणचे जायकवाडी धरण आहे.

2016 साली हे आम्हांला पुरते कळले. त्याआधीचे दोन पावसाळे कमी झाले होते. एप्रिलात पंचवटीतले रामकुंड कोरडे पडले. जिथे बारा महिने लोक स्नान करतात, तिथला तळ उघडा पडला.

तेव्हा आमच्या परसात चार वाफे होते. वांगी, भेंडी, टोमॅटो आणि पालक. घरातून निघणारे पाणी आम्ही मोजले. भाजी, तांदूळ धुतलेले आणि आंघोळीचे मिळून दिवसाला दोन बादल्या. आम्ही ते चारही वाफ्यांना थोडे थोडे वाटले. आठ दिवसांत चारही वाफ्यांनी माना टाकल्या.

शेजारी एक काकू राहत. 1972 चा दुष्काळ त्यांनी पाहिला होता. तेव्हा दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली होती. त्या कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, "सगळ्यांना अर्धपोटी ठेवाल तर सगळेच मरतील. दोन सोडा. दोन जगवा."

सोडायचे कोणते? पालकाची मुळे उथळ असतात. त्याला रोज ओल लागते. टोमॅटो कडक उन्हात फूल गाळतो. झाड जगले तरी फळ धरत नाही. वांगी आणि भेंडी यांची मुळे खोल जातात. ती तग धरतात. म्हणून पालक आणि टोमॅटो सोडले. टोमॅटोची रोपे आमच्या धाकटीने लावली होती. ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

मग काकूंनी सांगितले तसे आम्ही केले. ते तुम्हांलाही सांगतो.

पहिली गोष्ट, पाणी घालण्याची वेळ. भर दुपारी पाणी घालू नये. अर्धे तर ऊनच पिऊन टाकते. दिवस मावळताना किंवा पहाटे घालावे. पानांवर शिंपडू नये. बुडाशी आळे करून त्यात घालावे. रोज घोटभर घालण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पोटभर घालावे. ओल खाली गेली की मुळेही खाली जातात.

दुसरी गोष्ट, जमीन झाकणे. उसाचे पाचट, वाळला पालापाचोळा, गवत, जे असेल ते चार बोटे जाड पसरावे. खोडाला मात्र चिकटू देऊ नये. आपण उन्हात डोक्यावर पदर घेतो, तसाच हा मातीचा पदर. पाचट उचलून पाहा. वरची माती तापलेली असली तरी खाली गारवा असतो.

तिसरी गोष्ट, मडके. कच्च्या रंगाचे, पाणी पाझरणारे मातीचे मडके घ्यावे. गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे. तोंडावर थाळी ठेवावी, म्हणजे डास होत नाहीत. मडक्याभोवती वीतभर अंतरावर दुधी, काकडी, कारले यांच्या चार बिया लावाव्यात. मडक्यात स्वच्छ पाणी भरावे. साबणाच्या पाण्याने त्याची छिद्रे बुजतात. मडके हळूहळू पाझरते. मुळे आपण होऊन त्याच्याकडे येतात.

चौथी गोष्ट, साबणाचे पाणी. ते पालेभाजीला नको. अळू, केळ, शेवगा यांच्या बुडाशी सोडावे. शेवगा एकदा धरला की कमी पाण्यात वर्षानुवर्षे उभा राहतो. शेंगा देतो, पालाही देतो. पाल्याची भाजी फार गुणाची. दारात एक तरी शेवगा असावा.

आणि दुपारी जुन्या लुगड्याचा मांडव करून वांग्यांवर सावली धरली.

अशा रीतीने वैशाख काढला. भेंडी रोज मूठभर मिळे. वांगी लहान, पण मिळत. दोन वेळा नाही, तरी एक वेळ कालवण होत होते.

मग पाऊस आला. मंडळी, त्या वासाचे वर्णन काय करायचे! घरातले सगळे अंगणात भिजले. वांग्याची झाडे धुऊन हिरवीगार झाली. आम्ही म्हणालो, "जिंकलो!"

इथेच आम्ही चुकलो.

उन्हाळ्यात आम्ही वाफे खोलगट केले होते. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून कडेला बांध घातले होते. ते उन्हाळ्याला बरोबर होते. पण पाऊस लागला तरी आम्ही ते तसेच ठेवले. पाचटही जाडच ठेवले. त्या वर्षी पावसाने कसर भरून काढली. ऑगस्टात गोदावरीला मोठा पूर आला. पाणी दुतोंड्या मारुतीपर्यंत चढले. आमच्या वाफ्यांत घोटाभर पाणी साचून राहिले. मुळांनाही हवा लागते. पाण्याखाली ती गुदमरतात. चार दिवसांत वांग्याची पाने पिवळी पडली. झाड उपटले तर मूळ काळे, कुजलेले. वैशाखाने जी मारली नाहीत, ती झाडे श्रावणात मेली. त्यांना ऊन पुरले होते. आमची बेफिकिरी पुरली नाही.

काकू आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पाणी धरायला शिकलात. आता सोडायला शिका."

म्हणून, मंडळी, रोहिणी नक्षत्र लागले की कुदळ हातात घ्या. वाफ्याचे बांध फोडा. गादीवाफे करा. रुंदी तीन फूट, उंची अर्धा फूट. दोन वाफ्यांमध्ये चर ठेवा. चराला उतार द्या, आणि ते पाणी शेवग्याच्या किंवा केळीच्या आळ्याकडे वळवा. वांगी, मिरची यांचे बी गादीवाफ्यावर टाका. चार-पाच आठवड्यांत रोपे लावणीला येतात. दोडका, कारले, दुधी मृगात टोका आणि मांडवावर चढवा. चिखलात पाय घालू नका. माती तुडवली तर दगड होते. पाऊस उघडू द्या, वापसा येऊ द्या, मग खुरपे लावा.

आता शेवटची गोष्ट. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ती विद्या परसात वापरा. एक वही करा. कोणते बी कधी लावले, पहिले फळ कधी आले, काय मेले आणि का मेले, ते लिहा. बी सावलीत वाळवा, राखेत ठेवा, आणि पुडीवर नाव व वर्ष घाला. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. तरी त्यांनी गावरान बियाणे जपले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. 2020 चा पद्मश्री त्यांना मिळाला. त्यांनी हे सारे ध्यानात ठेवून केले. आपल्या हाती तर पाटी-पेन्सिल आली आहे.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी आहेत. धाकटीच्या अक्षरात आहेत. "उन्हाळा : पाणी धरा. पावसाळा : पाणी सोडा." पुढच्या उन्हाळ्यात तिने टोमॅटो लावले नाहीत. हिवाळ्यात लावले. भरपूर आले.

एवढे बोलून आम्ही थांबतो. राम राम.