अख्खा उंदीर तपासा



या सभेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बडोद्याच्या समा भागात, इथल्या मराठी वैद्यकीय मंडळींसमोर आपल्या भाषेत बोलायला मिळतंय, याचा आनंद वाटतो. अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा छापून तुमच्या हाती दिला आहे. मला मात्र कित्येक वर्षं मनात साठलेली एकच गोष्ट बोलायची आहे.

आपण उंदीर तपासतच नाही. त्या त्या वर्षी गाजलेला जंतू तेवढा शोधतो आणि उंदीर फेकून देतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८मध्ये संशोधक सिमाँ यांनी कराचीत प्लेगशी उंदीर आणि पिसवांचं नातं दाखवलं. १९०५पासून प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत ते पक्कं केलं. फार मोठं काम होतं ते! पण उंदीर म्हणजे प्लेग, हे समीकरणही तेव्हापासूनच डोक्यात बसलं. १९९४ साली बीड जिल्ह्यातलं मामला आणि पाठोपाठ सुरत, पुन्हा प्लेगच. जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो पसरला, तेव्हा सगळं लक्ष लेप्टोकडे. पण ज्या घुशीच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा आहे, तिच्याच रक्तात बार्टोनेला असू शकतो आणि तिच्या कानातल्या माइटमध्ये स्क्रब टायफसचा जंतू. एवढं सगळं अंगात घेऊन ती धडधाकट हिंडते. मरतो माणूस.

दक्षिण गुजरातेतला भातशेतीवरचा एक मजूर मला विसरता येत नाही. तापाने फणफणत आला. लेप्टोची चाचणी पॉझिटिव्ह, पेनिसिलिन सुरू झालं, पण ताप उतरेना. वॉर्डात औषधाच्या मात्रेवर खल चालला होता. त्याचं अंग पुसताना नर्सबाईंना काखेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली. स्क्रब टायफस! पेनिसिलिन त्या जंतूला काहीच करत नाही. डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालतं. तेच दिलं आणि माणूस वाचला. त्याच्याच शेतातले उंदीर काही दिवसांपूर्वी तपासणीसाठी पकडले होते. लेप्टोसाठी मूत्रपिंडं काढून घेतली आणि बाकीचं सगळं पुरून टाकलं. त्या खड्ड्यात काय काय गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. याचा मला आजही संताप येतो.

सकाळच्या सत्रात पीसीआर की अँटिबॉडी, यावर तावातावाने वाद झाला. रक्तात अँटिबॉडीचा पत्ता नाही आणि मूत्रपिंड मात्र पीसीआरला पॉझिटिव्ह, अशा घुशी मी स्वतः उघडल्या आहेत. अँटिबॉडी होऊन गेलेली गाठभेट सांगते. आज लघवीतून जंतू बाहेर पडतोय का, ते मूत्रपिंडच सांगतं. माझ्यापुरता हा वाद संपला आहे. तरुण मित्र म्हणतात, १६एस सिक्वेन्सिंगने सगळे जंतू एकदम दिसतील. दिसू देत. पण प्लेगचा जंतू आणि त्याचा सख्खा भाऊबंद येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस, यांच्यातला फरक या चाचणीला कळत नाही. शिवाय नळीत नुसती प्लीहाच घातलीत, तर मूत्रपिंडातला जंतू यंत्राने कुठून दाखवायचा?

उंदीर मेल्यावर अंग गार पडू लागलं की पिसवा ते सोडून जातात. म्हणून आधी पिसवा आणि माइट गोळा करायचे, मग सुरी उचलायची. हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि वेळ नाही, पैसे नाहीत, हेच ऐकत आलो. पैसे आज नसतील, तर नमुने उणे ऐंशी अंशांना गोठवून ठेवा. टाकून दिलेला अवयव परत मिळत नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी बडोदा शहरात शिरली, तेव्हा घरोघरी निघालेल्या मगरींच्या बातम्या झाल्या. बिळं सोडून निघालेल्या घुशींची बातमी होत नसते. ते काम आपलं आहे. गुजरात आणि महाराष्ट्राचा मिळून एक नमुनासंग्रह उभा राहायला हवा. तो कुठे असावा, खर्च कुणी करावा, हे कार्यकारिणीने ठरवावं. मी मसुदा पाठवेन.

येत्या पावसाळ्यात तुमच्यापैकी जे पिंजरे लावतील, त्यांनी मूत्रपिंडाबरोबर प्लीहा, यकृत, रक्त आणि पिसवाही जपून ठेवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.