शरद ऋतू आणि नाकाचे दुखणे
(सुरगाणा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे. माझा जन्म शाळेत गेला. औषध सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु कोणत्या दुखण्यास घरी किती दिवस थांबावे आणि दवाखाना केव्हा गाठावा, एवढे ज्ञान प्रत्येक गृहस्थास असलेच पाहिजे.

'मला सायनस आहे' असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः सायनस सर्वांनाच असतात. गाल, कपाळ, डोळ्यांचा मधला भाग आणि त्यामागील खोल जागा येथील हाडांत असलेल्या त्या पोकळ्या होत. त्यांच्या अस्तरावरील सूक्ष्म केस आतील स्राव अखंड नाकाकडे लोटीत असतात. गालातील पोकळीचे दार तळाशी नसून वरच्या अंगास आहे. म्हणजे तेथील स्राव जणू घाट चढूनच बाहेर पडतो. सर्दीने अथवा ॲलर्जीने अस्तर सुजले की दार बंद होते, स्राव साचतो, आणि डोके, गाल व वरचे दात ठणकू लागतात. वर्गात तोंड उघडे टाकून पेंगणारा मुलगा नेहमीच आळशी असतो असे नाही. कित्येकदा त्याचे नाक बंद असते.

पावसाळा सरताच आपल्या डोंगरी मुलखात या दुखण्यास सारे अनुकूल होते. गवत फुलोऱ्यावर येते, भिंती व अंथरुणे ओलीने बुरसटलेली असतात, आणि पुढे नागली, वरई, भात खळ्यावर आले की तूस व धूळ उडते. त्यात चुलीच्या धुराची भर. वाग्भटाने अष्टांगहृदयातील ऋतुचर्येच्या अध्यायात शरदात दव, कडक ऊन, दही व दिवसाची झोप टाळावयास सांगितले आहे. ऋतू पालटताना जपावे, हा त्याचा बोध आजही ग्राह्य आहे.

म्हणून आश्विन लागताच गोधड्यांना कडक ऊन द्यावे. भिंतीवरची बुरशी पुसून काढावी. मळणीच्या वेळी नाकातोंडास पंचा बांधावा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. धुरास बाहेर वाट द्यावी. विडी व तपकीर ही दोन्ही वर्ज्य करावीत. वरची दाढ किडली असेल तर तिची हयगय करू नये. तिच्या मुळाचा पू गालाच्या पोकळीत उतरतो.

दुखणे आलेच तर विश्रांती घ्यावी, पाणी भरपूर प्यावे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. ही जलनेती योगाभ्यासात जुनीच आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापिलेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामाने अशा क्रियांना शास्त्रीय अभ्यासाची जोड दिली. अर्धा लिटर पाण्यास सपाट पाऊण चमचा मीठ पुरे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नदीचे, विहिरीचे वा नळाचे कच्चे पाणी नाकात घेऊ नये. त्यातून क्वचित एक अमीबा मेंदूपर्यंत पोहोचतो आणि रोगी बहुधा वाचत नाही. वाफेने बरे वाटते. पण उकळत्या पातेल्याजवळ मूल बसवू नये, भाजण्याचे अपघात तेथेच घडतात. नाक मोकळे करणारे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घातले तर नाक उलट अधिकच चोंदते.

बहुतेक सर्दी विषाणूंची असते व आठ-दहा दिवसांत ओसरते. तिच्यावर प्रतिजैविकाच्या गोळ्या चालत नाहीत. दुकानातून परस्पर आणून त्या घेणे अहिताचे आहे. परंतु दहा दिवसांत उतार नसेल, उतार पडून पुन्हा ताप चढला असेल, तर डॉक्टरांस दाखवावे. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान ताठणे, असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी निघावे. नाशिकचा रस्ता लांबचा आहे, रात्रीची वाट पाहू नये. मधुमेही माणसाने अधिकच सावध असावे. २०२१ साली करोनाच्या साथीत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे व प्राण नेले. त्यांत मधुमेहींचा भरणा मोठा होता.

ज्ञातीची उन्नती आपण शिक्षणाने व नोकऱ्यांनी मोजतो. घरातील कोणी वेळेवर दवाखान्यात पोहोचले, हीदेखील उन्नतीच होय.