आधी ओळखपत्र, मग तिकीट

गेल्या थंडीत आमच्या बचत गटातल्या अकरा जणी नेपाळात लुंबिनीला जाऊन आलो. पैसे मात्र बारा जणींनी साठवले होते. बारावी मागे का राहिली, ते आधी सांगतो.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसतं आधार कार्ड चालत नाही. आम्हाला वाटलं, बँकेत चालतं, रेशनला चालतं, तर तिथंही चालेल. आमच्यातल्या एका सुनेचं नाव अजून माहेरच्याच मतदार यादीत होतं, आणि कार्ड हरवलेलं. नवीन येईस्तोवर गाडीची तारीख उलटली. दोन वर्षं पै-पै साठवून ती घरी राहिली. चूक आमचीच. बैठकीत वर्गणी मोजली, कागद बघितले नाहीत.

रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली. कमान ओलांडली की नेपाळ! पाट्या देवनागरीत, त्यामुळे साठीच्या काकूही मोठ्यानं वाचत चालल्या. घड्याळ तेवढं १५ मिनिटं पुढे करायचं. शनिवारी तिथं सुट्टी असते, कामं आदल्या दिवशी उरकायची.

पैशाचं नीट ऐका. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०. दुकानदार आपल्या पैशाला ‘आयसी’ म्हणतात. काकूंनी शालीची किंमत विचारली, तो म्हणाला ८००. त्यांनी आपले ८०० मोजून दिले. भाव नेपाळी होता, म्हणजे आपले ५००च. तीनशे रुपये गेले, चार दिवसांची भाजी! तेव्हापासून आम्ही आधी विचारायचो, “आयसी की नेपाळी?” नोटा शंभराच्या न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात.

मायादेवी मंदिरात चपला बाहेर, आत फोटो नाही. शेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. बुद्धांचा जन्म इथं झाला म्हणून या गावाचा कर माफ केला, पिकाचा आठवाच हिस्सा ठेवला, असं त्यावर कोरलंय. ते ऐकून आम्ही शेतकरणी तिथंच बसलो. सारा माफ झालेलं गाव बघायला मिळालं की!

त्या सुनेचं कार्ड आता आलंय. तिचे पैसे गटाकडे तसेच आहेत. येत्या थंडीत तिच्यासोबत काकू परत निघणार आहेत, शालीचा भाव आपण करणार म्हणतात.