'लेट इट बी' : एका कीर्तिमान वृंदाची विषम कृति



कीर्तिमान कलावंताच्या उतरत्या काळांतील कृतीचें परीक्षण करणें हें मोठें नाजूक काम आहे. भक्त दोष पाहूं देत नाहींत आणि निंदक गुण. हुशार विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासतांना शिक्षकाला त्याचें नांव क्षणभर विसरावें लागतें. बीटल्स या इंग्लंडांतील रॉक वृंदाच्या 'लेट इट बी' या ध्वनिमुद्रिकेला आज तीच कसोटी लावून पाहूं.

ही ध्वनिमुद्रिका ८ मे १९७० रोजीं प्रसिद्ध झाली व वृंदाची शेवटची म्हणून ती ओळखली जाते. परंतु तिच्यांतील बहुतेक गीतांचें काम जानेवारी १९६९ मधलें आहे. 'ॲबी रोड' ही तिच्यामागून तयार होऊनही सप्टेंबर १९६९ मध्यें आधीं बाहेर पडली. जानेवारींतील संकल्प असा होता कीं, यांत्रिक करामती टाकून चौघांनीं मैफलींत वाजवावें तसें सरळ वाजवावयाचें. संकल्प उत्तम होता; मनें मात्र एक नव्हतीं. १० जानेवारीस जॉर्ज हॅरिसन तालीम सोडून निघून गेला व कांहीं दिवसांनीं परतला. पुढें बिली प्रेस्टन साथीस बसला, तेव्हां वादनांत प्राण आला. ३० जानेवारीस लंडनांतील आपल्या कचेरीच्या गच्चीवर त्यांनीं जें वादन केलें, त्यांतील तीन गीतें या संचांत आहेत. 'वन आफ्टर ९०९' हें त्यांच्या पोरवयांतलें गीत त्यांपैकींच एक. तें ऐकतांना जुने सोबती पुन्हा भेटल्याचा आनंद कानांना कळतो.

आतां दोष पाहूं. संचांत एकूण बारा गीतें आहेत. 'लेट इट बी' या प्रशांत गीताच्या अलीकडे 'डिग इट'चा मिनिटाहून लहान तुकडा आहे, तर पलीकडे 'मॅगी मे' हें लिव्हरपूलचें लोकगीत थट्टेच्या सुरांत म्हटलेलें आहे. प्रार्थनेच्या दोन्ही अंगांस असा गलबला कशाला? 'आय मी माइन' हें गीत जानेवारी १९७० मध्यें जॉन लेननच्या गैरहजेरींत तिघांनींच वाजविलें. तें जेमतेम दीड मिनिटाचें होतें. त्याचाच भाग पुन्हा जोडून तें लांबविण्यांत आलें.

हें लांबविणारा निर्माता फिल स्पेक्टर. १९७० मध्यें ध्वनिफिती त्याच्या हवालीं झाल्या. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' हें पियानोच्या साध्या साथीवर शोभणारें गीत. त्यावर त्यानें वाद्यवृंद व स्त्रियांचा गायकवृंद चढविला. काळ्या पाषाणाच्या देवळाला तैलरंग फासावा, तसा हा प्रकार झाला. गीताचा कर्ता पॉल मॅकार्टनी यालाही तो रुचला नाहीं.

पण सारा दोष स्पेक्टरच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. २००३ मध्यें हाच संच अलंकार उतरवून नव्यानें काढण्यांत आला; ते दोन तुकडेही वगळले गेले. त्यायोगें 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' निखळ झालें खरें, परंतु जीं गीतें मुळांतच अर्धीकच्चीं होतीं तीं तशींच राहिलीं. रोगाचें मूळ रंगांत नव्हतें, हें यावरून उघड होतें.

या चौघांची थोरवी केवळ वैयक्तिक प्रतिभेंत नव्हती. एकानें आणलेलें कच्चें गीत इतरांनीं निर्भीडपणें तपासावें, जोडावें, प्रसंगीं नाकारावें, या संवयींत ती होती. ती संवय जानेवारींत ढिली पडली, आणि काम पुरें करण्याची जबाबदारी अखेर परक्या हातीं गेली. पुढच्याच कांहीं महिन्यांत त्यांनीं 'ॲबी रोड' सिद्ध केली. म्हणजे शक्ति सरली नव्हती. एकत्र बसून नेटानें काम तडीस नेण्याची इच्छा तेवढी मंदावली होती.

म्हणून माझें मत असें कीं, या कृतीस वरचा वर्ग देऊं नये आणि तिला नापासही करूं नये. गच्चीवरील गीतें, 'टू ऑफ अस' आणि नांवाचें गीत हीं निःसंशय पहिल्या प्रतीचीं आहेत. ज्यांना सवड असेल त्यांनीं १९७० ची व २००३ ची अशा दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्या आणि आपला निकाल आपणच द्यावा.