उमेदवारीला वय नसते
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांना आत्ताच बक्षिसे वाटून झाली. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः ज्यांची नावे या यादीत नाहीत त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या आईवडिलांविषयी.

दरवर्षी निकाल लागले की काही पालक मला भेटतात आणि म्हणतात, “पोराला टक्के कमी पडले. आता कुठेतरी चिकटवून द्या.” हा ‘चिकटवणे’ शब्द मला खटकतो. चिकटवलेली वस्तू जिथे लावली तिथेच राहते. उमेदवारी म्हणजे चिकटणे नव्हे, उमेदवारी म्हणजे शिकणे. ती नापासांची शिक्षा नाही आणि ती एकदाच, कोवळ्या वयातच करायची असते असेही नाही. एवढीच गोष्ट आज आपल्यापुढे मांडायची आहे.

हाताच्या कामाला आपल्या दीनमध्ये केवढा मान आहे, हे आपण जाणता. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते घडवीत, हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत. पैगंबरांनी ज्या कामाला कमी लेखले नाही, ते काम करण्याची आपल्या मुलांना लाज का वाटावी? चौदाव्या शतकातील इतिहासकार इब्न खल्दून यानेही आपल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात, हुनर शिकायला शिकविणारा लागतो, हे आवर्जून सांगितले आहे.

असे का, याचा विचार करा. कानस कशी धरावी हे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु लोखंडाचा तुकडा घासून गुण्याला लावला आणि मधून उजेडाची रेघ दिसली, की चूक हाताची होती की उभे राहण्याची, हे शेजारी उभा असलेला उस्तादच सांगू शकतो. बोल्ट किती आवळावा याचे माप छापलेले असते. पण आटे सुटायच्या बेताला आले आहेत हे मनगटाला कळावे लागते. आधी हत्यारे पुसणे, मग यंत्र खोलणे, मग जोडणे आणि शेवटी दोष ओळखणे, अशा पायऱ्यांनी हे ज्ञान चढते. यातली एखादी पायरी गाळली, तर ती उणीव पुढे कामात दिसल्याशिवाय राहत नाही.

आता एक जुने उदाहरण पाहा. इंग्लंडमधील मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. वयाच्या चौदाव्या वर्षी, 1805 साली, तो लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून राहिला. सात वर्षे त्याने पुस्तके बांधली आणि बांधता बांधता वाचली. 1812 साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, स्वतःच्या हाताने ती बांधली आणि डेव्हींना पाठविली. 1813 साली एकविसाव्या वर्षी तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. म्हणजे एक उमेदवारी पुरी करून त्याने दुसरी धरली. पहिल्या उमेदवारीत कमावलेला हात दुसरीचा दरवाजा उघडायला कामी आला. याच माणसाने 1831 साली चुंबकापासून वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम मद्रासला विमानविद्या शिकले. पण शिकल्यावर बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून विमानांची इंजिने खोलण्या-जोडण्याचे काम त्यांनी केले. 1958 साली ते सरकारी नोकरीत लागले. 1963 साली, तिशी ओलांडल्यावर, रॉकेट सोडण्याचे तंत्र शिकण्यासाठी ते अमेरिकेत नासाच्या केंद्रांत पुन्हा विद्यार्थी होऊन गेले. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला केरळातील थुंबा येथून भारतभूमीवरचे पहिले संशोधन-रॉकेट उडाले. तेव्हा गुणवंतांनो, हे तुमच्यासाठीही आहे. पदवी हातात पडली म्हणजे उमेदवारी संपली, असे समजू नका.

आपण म्हणाल, ही मोठी माणसे. तर मग आपल्या मोहल्ल्यातले बघू. आमच्या ओळखीचे एक मोटारसायकल मेकॅनिक आहेत. वीस वर्षे त्यांनी केवळ आवाज ऐकून कार्बुरेटर जुळविला. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता किती पेट्रोल सोडायचे हे सेन्सर आणि छोटा संगणक ठरवितात. दोष शोधायला स्क्रू-ड्रायव्हर पुरत नाही, तपासणीचे यंत्र जोडावे लागते. नव्या गाड्या त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागल्या. घरात तीन मुले शिकणारी. शेवटी ते आपल्याच जुन्या शागीर्दाच्या, पंचविशीतल्या मुलाच्या गॅरेजात रोज संध्याकाळी जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी मान वर होत नव्हती, असे त्यांनीच मला सांगितले. चार महिन्यांत ते शिकले. वर त्या मुलालाही त्यांनी एक गोष्ट शिकविली: यंत्र जो दोष दाखविते, तोच खरा असतो असे नाही, वायर कुठे घासली आहे हे शेवटी डोळ्यांनीच पाहावे लागते. उमेदवारीत उस्तादही शिकतो, ते असे.

भगिनींनाही मी हेच सांगेन. घरी वर्षानुवर्षे शिवणकाम करणाऱ्या बाईला पूर्ण पोशाख शिवता येतो. तीच तयार कपड्यांच्या कारखान्यात काही महिने राहिली, तर एका वेळी कापडाचे अनेक थर कसे कापायचे, माप कसे सांभाळायचे, वाया जाणारे कापड कसे वाचवायचे हे शिकते. मुले मोठी झाल्यावर, चाळिशीत शिकायला निघणाऱ्या आईला हसू नका, तिला सोबत द्या.

आता कडू बोलतो, राग मानू नये. घरात अडचण आली की बारा-तेरा वर्षांच्या पोराची शाळा सोडवून त्याला गॅरेजात नेऊन बसविणे, ही उमेदवारी नव्हे. चौदा वर्षांखालील मुलाला असे कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. अशा मुलाचा हात तयार होतो, परंतु नकाशा वाचता येत नाही, हिशेब येत नाही, आणि त्याच्याजवळ कागद नसतो. दहा वर्षे वायरिंग केलेला आपला माणूस आखातात जायला निघतो, मुलाखतीत प्रमाणपत्र मागितले की गप्प होतो, आणि हेल्पर म्हणून सही करतो. काम कारागिराचे आणि पगार हेल्परचा! उलट कोणाजवळ आयटीआयचा कागद असतो, पण यंत्रापुढे उभे केले की हात थरथरतो. एकाला कागद हवा, दुसऱ्याला हात हवा. दोन्ही मिळण्याची जागा म्हणजे रीतसर उमेदवारी.

त्यासाठी आपल्या देशात 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. सुरुवातीला तो कारखान्यांतील कारागिरीपुरता होता. 1973 साली त्यात पदवीधर व पदविकाधारक अभियंते आले आणि 2014 च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही वाट मोकळी झाली. 2019 च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि दरमहा किमान विद्यावेतन शिक्षणानुसार 5,000 ते 9,000 रुपये ठरले. उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार होतो. मुलगा अज्ञान असेल, तर पालकाची सही लागते. ती सही करण्यापूर्वी करार वाचा. कोणते काम शिकविणार, किती महिने, विद्यावेतन किती, शेवटी परीक्षा कोणती, हे विचारा. नोकरीची हमी कायदा देत नाही, हेही ध्यानात ठेवा. आणि जे अनुभवी कारागीर आहेत, त्यांच्या हातच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत करण्यात आली. अशा सोयींची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी.

“एवढ्याशा पैशांत काय होणार? तेवढ्या वेळात पोरगा हमालीत जास्त कमावील,” असे काही पालक म्हणतात. खरे आहे, पहिल्या वर्षी जास्त कमावील. पण हमालाचा पाचव्या वर्षाचा दिवस पहिल्या वर्षासारखाच असतो. कारागिराचा तसा नसतो.

विद्यार्थी मित्रहो, उस्तादापुढे बसताना लाजू नका, मग तो वयाने मोठा असो वा लहान. पालकहो, मुलाला कुठे चिकटवू नका. त्याला शिकायला ठेवा, आणि गरज पडली तर स्वतःही शिकायला बसा. अल्लाहतआला आपल्या मुलांच्या हातांत हुनर आणि रोजीत बरकत देवो. आमीन.