रेंज कमी, जोर जास्त



आमच्या कोकणातल्या घरी फोनला रेंज मिळते ती फक्त मागच्या पडवीत, विहिरीकडच्या खांबापाशी. गेल्या मे महिन्यात काकू त्या खांबाला टेकून मुंबईच्या लेकीशी बोलत होती. अर्धा तास. आवाज तुटत होता, म्हणून फोन कानात रुतेल इतका दाबलेला. स्क्रीनवर रेंजची एकच दांडी. आणि सड्यावर टॉवर येणार म्हटल्यावर ‘किरणं नकोत’ म्हणून ग्रामसभेत उभी राहिली होती तीही हीच काकू.

तिच्या काळजीला मी नावं ठेवणार नाही. पण इथं हिशेब उलटा आहे. टॉवर लांब असला की तिथवर पोचायला फोनलाच जोर लावावा लागतो. टॉवर जवळ असला की तोच फोन आपणहून जोर कमी करतो. टू-जी फोन ९०० मेगाहर्ट्‌झवर २ वॉटपर्यंत जातो, फोर-जी फोन साधारण ०.२ वॉटपर्यंत. टॉवरची ताकद याहून पुष्कळ जास्त, हे खरं. पण अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. टॉवर तिकडे सड्यावर, फोन मात्र कानाला चिकटलेला!

या लहरी एक्स-रेसारख्या रेणू फोडणाऱ्या नव्हेत. त्या शरीरात थोडी ऊब निर्माण करतात. त्याचं माप म्हणजे एसएआर. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२पासून त्याची मर्यादा किलोला १.६ वॉट आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलंत की बऱ्याच फोनवर हा आकडा दिसतो. तो फोन पूर्ण जोरात असतानाचा असतो, एवढं लक्षात असू द्या.

आणि कॅन्सर? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातल्या. पुरावा तेव्हा तोकडाच होता. याच संघटनेनं करवून घेतलेल्या, २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. मला यानं मोठा दिलासा मिळाला. तरीही फोन कानापासून वीतभर लांब धरायला काही खर्च येत नाही, म्हणून मी तो धरते.

काकूला मी वायरचे इयरफोन आणून दिले. आता फोन खांबाजवळच्या फळीवर असतो आणि ती कोकमं फोडत लेकीशी बोलते. टॉवरचा विषय पुढच्या ग्रामसभेत पुन्हा निघणार आहे. त्यासाठी हे आकडे मोठ्या अक्षरात लिहून दे, असं तिनं मला बजावलंय.